मॅडमच्या खिशातली चिठ्ठी

माझे वडील सुरतेच्या दवाखान्यात वारले, त्या सकाळी मी समुद्रावरच्या एका परदेशी बॉम्बफेकी विमानावर नजर ठेवून बसलो होतो. ते गेल्याची चिठ्ठी माझ्यापासून चार पावलांवर, माझ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या खिशात होती. मला ती अडीच तासांनी मिळाली. ही गोष्ट मी बरीच वर्षं कोणाला सांगितली नाही. नोकरीत होतो तोवर सांगता येत नव्हती, आणि निवृत्त झाल्यावर सांगावीशी वाटली नाही. आता लिहितोय ते टीव्हीवर येऊन गेलंय तेवढंच. विमान कुठल्या देशाचं होतं, आमचं युनिट कुठे होतं, हे लिहिणार नाही.

आम्ही मूळचे धुळे जिल्ह्यातले. नाना, म्हणजे माझे वडील, लग्नानंतर दोन वर्षांनी सुरतेला आले आणि पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये लागले. कापड रंगवायच्या जेट मशीनवर त्यांचं काम. मशीन म्हणजे एक मोठा बंद हंडा. आत रंगाचं पाणी उकळतं आणि त्यात कापडाचा दोर तासन्‌तास फिरत राहतो. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती आणि हिंदी, शाळेत मराठी, असं माझं बालपण गेलं. बारावीनंतर मी हवाई दलात भरती झालो तेव्हा नाना एवढंच म्हणाले, "चांगलं शे. धूर नही तठे." चांगलं आहे, तिथे धूर नाही.

लोकांना वाटतं हवाई दलातला माणूस म्हणजे विमानात बसणारा. मी वीस वर्षांत तीनदा विमानात बसलो, तेही सामानासारखा मागे. माझं काम रडारवरचं. थंडगार खोलीत पडद्यासमोर बसायचं आणि ठिपके बघायचे. प्रवासी विमानं आपली ओळख स्वतःच देत असतात. त्यांची यादी आमच्याकडे असते. जो ठिपका ओळख देत नाही आणि यादीतही सापडत नाही, त्याच्या मागे लागायचं. त्याची दिशा, अंतर, उंची, वेग, सगळं मोठ्याने वाचत राहायचं. वाचताना आवाज एकसारखा ठेवायचा. आम्हाला शिकवणारे वॉरंट ऑफिसर म्हणायचे, "तू घाबरलास की तुला भूक लागलीय, हे तुझ्या आवाजावरून कोणालाही कळता कामा नये." ती सवय मला लागली. माझ्या बायकोच्या मते जरा जास्तच लागली.

त्या वर्षी माझी पोस्टिंग किनाऱ्यावरच्या युनिटात होती. बायको आणि मुलगी सुरतेला नाना आणि मायकडेच राहत, कारण नानांचा दम वाढला होता आणि माय एकटीला झेपत नव्हतं. त्या सकाळच्या दोन दिवस आधी नानांना दवाखान्यात ठेवलं होतं. फुप्फुसात पाणी झालंय, काढू, चार दिवसांत घरी जातील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी रजेचा अर्ज टाकला होता. रजा दुसऱ्या दिवसापासून मंजूर झाली होती आणि बॅग भरून ठेवली होती.

सकाळच्या पाळीला आम्ही एक माणूस कमी होतो. माझ्या जोडीचा ऑपरेटर तापाने पडला होता. सव्वादहाच्या सुमारास पडद्याच्या टोकाला, नैऋत्येकडे, एक ठिपका दिसला. मोठा होता, उंच होता आणि सरळ किनाऱ्याकडे तोंड करून येत होता. यादीत नव्हता. विचारलं तर उत्तर देत नव्हता.

मी वाचायला सुरुवात केली. आमच्या कंट्रोलर मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. हुद्द्याने स्क्वाड्रन लीडर, वयाने माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, उत्तरेकडच्या. आमचं सगळं बोलणं हिंदीतलं. इथे मराठीत लिहितो. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं, फोन उचलला आणि पलीकडच्या तळावरून दोन लढाऊ विमानं उठवायला सांगितली. तिथे वैमानिक सगळा पोशाख चढवून बसलेलेच असतात. पाच-सहा मिनिटांत माझ्या पडद्यावर दोन नवे ठिपके आले, आपले.

समुद्र सगळ्यांचा असतो. आपल्या हद्दीबाहेर कोणीही उडावं. पण बॉम्ब नेऊ शकणारं विमान ओळख न देता किनाऱ्याकडे येत असेल, तर त्याच्यापर्यंत कोणीतरी जावं लागतं. त्याला पाडायला नाही. आम्ही तुला पाहिलंय, एवढं दाखवायला. टीव्हीवाले याला काय काय म्हणतात. आमच्या खोलीत ते असं दिसतं: एक ठिपका येतो, दोन ठिपके त्याच्याकडे जातात, आणि मधलं अंतर कमी होत जातं.

मी अंतर वाचत होतो. मॅडम ते ऐकून वैमानिकांना दिशा देत होत्या. चाळीस. पस्तीस. डावीकडे घ्या. पंचवीस. वैमानिकांचे आवाज स्पीकरवर येत होते, तेही एकसारखेच. मग त्यातला पुढचा म्हणाला, "दिसलं." थोड्या वेळाने म्हणाला, "चार इंजिनं. पंख लांब, मागे कललेले. बॉम्बर आहे. परदेशी." मी पुढचा आकडा वाचला.

याच सुमाराला दार उघडलं. आमच्या ऑफिसातले कारकून, माझ्याहूनही जुने सार्जंट, आत आले. ऑपरेशन चालू असताना त्यांना आत यायची परवानगी नसते, म्हणून ते दारातच थांबले. मॅडम त्यांच्याकडे गेल्या. कारकुनांनी एक घडी केलेला कागद दिला. मॅडमनी उघडून वाचला, परत घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. हे मी पाहिलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे वळलो. असे कागद दिवसातून दहा यायचे.

आपली दोन विमानं त्या बॉम्बरच्या दोन्ही बाजूंना लागली आणि त्याच्याबरोबर उडत राहिली. तो वळला नाही. किनाऱ्याला समांतर जाऊ लागला, हद्दीच्या बाहेर राहून. पुढचा वैमानिक म्हणाला, "मागच्या खिडकीत एक माणूस आहे. आमचे फोटो काढतोय." थोड्या वेळाने, "आता हात हलवतोय." मॅडम म्हणाल्या, "तुम्ही हलवू नका." मग त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, म्हणाल्या, "हलवा, काही हरकत नाही."

इंधन संपत आलं तशी ती जोडी परत फिरली आणि दुसरी जोडी गेली. बॉम्बर एकदा वर गेला, परत आला, मग हळूहळू बाहेरच्या दिशेला वळला. एकच्या पुढे कधीतरी तो माझ्या पडद्याच्या कडेला गेला आणि दिसेनासा झाला. मी "दिसत नाही" असं वाचलं. मॅडम म्हणाल्या, "ठीक."

पाणी पिऊन मी उठत होतो. मॅडम म्हणाल्या, "सार्जंट, बसा." मी बसलो. त्यांनी खिशातून कागद काढला आणि माझ्या हातात दिला. त्यावर कारकुनाच्या अक्षरात दोन ओळी होत्या. सुरतेहून पत्नीचा फोन. वडील सकाळी वारले, ताबडतोब निघावे.

"हा मला अकराच्या आधी मिळाला," मॅडम म्हणाल्या. "दुसरा माणूस नव्हता. त्या ठिपक्यावर तुमचा हात बसला होता. मध्येच बदलायचा धोका मी घेतला नाही."

"जी मॅडम," मी म्हणालो.

"तुम्हाला काही म्हणायचंय?"

"नाही मॅडम."

मला खरंच काही म्हणायचं नव्हतं. रागही आला नाही. मी कागदाची घडी घातली. शिफ्टच्या वहीत माझी सही राहिली होती, ती केली. त्यांनी गाडीची सोय करून ठेवली होती, रजेचा कागद बदलून आणून ठेवला होता. माझा फोन बाहेरच्या कपाटात जमा होता. तो काढून बघितला तर पडदाभर बायकोचंच नाव होतं. मी तिला फोन लावला. ती "कुठे होता तुम्ही?" म्हणाली. मी म्हणालो, "ड्यूटीवर. निघतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरतेला उतरलो. नानांना दवाखान्याच्या शवागारात ठेवलं होतं. माझ्यासाठी थांबले होते सगळे. कडोदऱ्याला पॉवरलूमवर असलेला माझा मेहुणा आला होता. मिलमधली माणसं पाळी सुटल्यावर थेट आली होती, कोणाचे हात निळे, कोणाचे लालसर, तशीच. तापीकाठच्या स्मशानात नंबर लागला. गॅसची भट्टी होती. मला एक बटण दाबायला सांगितलं, मी दाबलं. लोक माझ्या पाठीवर हात ठेवत होते. डोळे भरतील याची मी वाट बघत होतो. झालं नाही. परत येताना रिक्षात मेहुण्याने विचारलं, "दाजी, बरे आहात ना?" मी "हो" म्हणालो. मी बरा होतोच.

घरी शेजारणींनी खिचडी आणली होती. माय भिंतीला टेकून बसली होती. तिने मला बघितलं आणि म्हणाली, "ऊना?" मी "ऊनू" म्हणालो. आलास का, आलो, एवढंच आमचं बोलणं झालं. बायको आतबाहेर करत होती. तिने मला पाणी दिलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. ते मला जाणवलं. मी ते नोंदवून ठेवलं, आणि पुढे त्याचं काही केलं नाही.

तेरावं झाल्यावर मी परत गेलो.

चार-पाच महिन्यांनी सुटीवर सुरतेला आलो होतो. दुपारी जेवणं झाली होती, टीव्ही चालू होता. अचानक पडद्यावर एक अस्पष्ट फोटो आला. एक लांब पंखांचं मोठं विमान आणि त्याच्या बाजूला आपलं लढाऊ विमान. खाली लाल पट्टी. निवेदक ओरडत होता. कोणत्या तरी परदेशी वर्तमानपत्रात तो फोटो छापून आला होता, म्हणून इकडे बातमी झाली होती. त्यांनी तारीख सांगितली. मग हत्यारांची चित्रं, बाण, स्फोटाचे आवाज. शेजारचे काका दारात येऊन म्हणाले, "जोयूं, पाहिलं? तुमच्या लोकांनी पळवून लावलं!" मी हसलो.

काका गेल्यावर बायकोने टीव्हीचा आवाज बंद केला.

"ती तारीख," ती म्हणाली. "नाना गेले तीच."

मी पडद्यावरच्या बाणांकडे बघत राहिलो.

"तुम्ही होता का त्यावर?"

"असं विचारू नये."

"मी देशाबद्दल विचारत नाही. मी फोनबद्दल विचारतेय." ती उभीच होती. "इतके महिने मी समजत होते की तुम्ही बघूनही उचलला नाही. उचलता येत नव्हता, एवढं तरी सांगायचं. विमान नका सांगू, बाकीचं नका सांगू. एवढं एक वाक्य."

तिचं बरोबर होतं. मला दिसत होतं की बरोबर आहे. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "चहा टाकतेस का?" तिने चहा टाकला. आम्ही प्यायलो. त्यानंतर तिने हा विषय काढला नाही.

निवृत्त होऊन मी सुरतेलाच आलो. हजीऱ्याच्या एका कारखान्यात सुरक्षेच्या कंट्रोल रूममध्ये नोकरी मिळाली. तिथेही पडदे आहेत. ठिपक्यांऐवजी कॅमेऱ्यांची चित्रं आणि गॅसच्या दाबाचे आकडे. साहेब लोक माझ्यावर खूश असतात. एकदा पाइपलाइनपाशी आग लागली तेव्हा मी फायरच्या लोकांना ज्या आवाजात सांगितलं, त्याचं नंतर मीटिंगमध्ये कौतुक झालं. मुलगी कॉलेजला जाते. घरात गुजरातीत बोलते, आजीशी हिंदीत. आजी अहिराणीत उत्तर देते. दोघींचं छान चालतं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "सार्जंट?" आवाज ओळखीचा होता. मॅडमनीही नोकरी सोडली होती. भावाचं लग्न होतं आणि साड्या घ्यायला त्या आईला घेऊन सुरतेला आल्या होत्या. आई हॉटेलवर आराम करत होती. "तुमच्या घरी आले तर चालेल?" त्यांनी विचारलं. नंतर म्हणाल्या, "तुमच्या आई आहेत ना?"

मी पत्ता दिला. बायकोला सांगितलं की जुन्या मॅडम येतायत. तिने वांगी भाजायला घेतली आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं पीठ काढलं.

मॅडम साध्या कुर्त्यात आल्या. वर्दीशिवाय त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. केस पांढरे व्हायला लागले होते. मायच्या पाया पडल्या आणि तिच्या समोर खाली सतरंजीवरच बसल्या. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्या मला म्हणाल्या, "मला यांना एक गोष्ट सांगायचीय. तुम्ही सांगाल?"

मायला चाळीस वर्षं सुरतेत होऊनही भाजीबाजारापुरतीच हिंदी येते. मॅडमची हिंदी वेगळीच, आणि मायला ऐकूही कमी येतं. मधे मीच बसायचं होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

मॅडम बोलू लागल्या. एकेक वाक्य बोलून थांबत होत्या. मी ते मायला अहिराणीत सांगत होतो. नाना गेले त्या दिवशी एक परदेशी विमान आलं होतं. तुमचा मुलगा त्याच्यावर नजर ठेवून होता. नाना गेल्याची चिठ्ठी आली ती माझ्याकडे आली. मी ती खिशात ठेवली. अडीच तास ठेवली. त्याला सांगितलं नाही. त्याचा यात दोष नाही. तो मी घेतलेला निर्णय होता.

मी हे सगळं सांगितलं. आवाज एकसारखा होता. मलाच ऐकू येत होता, कुठेही न अडकणारा. जणू दुसऱ्याच कोणाच्या घरातली गोष्ट.

मायने नीट ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "ते इमान कोठलं व्हतं?"

"परदेशी व्हतं, माय."

"मंग गयं का?"

"गयं."

"मंग बरं झायं," ती म्हणाली. मग ती मॅडमच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "त्या सकायमाच गयात, बेटी. हाऊ ऊना आस्ता तरी काय व्हतं." हे मी मॅडमना सांगितलं. ते सकाळीच गेले होते, हा आला असता तरी काय झालं असतं. मॅडमनी मान खाली घातली. त्यांचे डोळे भरले. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि मला वाटलं, यांना रडू येतंय, बरं आहे.

माय मात्र थांबली नव्हती. ती आता माझ्याकडे बघून बोलत होती. तिला इतकी वर्षं वाटत होतं की मला बातमी वेळेवर कळली होती आणि मी काम सोडलं नाही. तिने कधी विचारलं नाही, कारण तिला त्यात नवल वाटलं नव्हतं. नानांची आई गावाकडे वारली तेव्हा मिलच्या फाटकावर माणूस निरोप घेऊन आला होता. मशीनमध्ये माल अर्धा रंगला होता. मध्येच काढला तर डाग पडले असते. नानांनी निरोप ऐकला आणि माल उतरेपर्यंत मशीनपाशी उभे राहिले. गावी पोचले तेव्हा राख थंड झाली होती. "तुना बाप बी असाच," माय म्हणाली. ती रागाने म्हणत नव्हती. कौतुकानेही नव्हे. नाक कोणावर गेलंय ते सांगावं तसं म्हणाली.

"काय म्हणतायत?" मॅडमनी विचारलं.

"जेवायला बसा म्हणतेय," मी म्हणालो.

मॅडम जेवल्या. भरीत त्यांनी दोनदा मागून घेतलं. जेवल्यावर मायने हट्ट धरला की साड्या घ्यायला मीही येते. इथले दुकानदार परक्याला फसवतात. तिला रिंग रोडच्या मार्केटात कोणी ओळखत नाही, पण ती गेली. मुलगी सोबत गेली, भाव करायला. संध्याकाळी माय परत आली ती एक शाल पांघरून. मॅडमच्या आईने दिली होती. अजूनही दर सणाला मॅडमचा फोन येतो. मुलगी स्पीकर लावते आणि माय व मॅडम एकमेकींना न कळणाऱ्या भाषेत पाच मिनिटं बोलतात.

मॅडम येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हजीऱ्याला कामावर होतो. साडेअकराच्या सुमारास पडद्यावर सगळं व्यवस्थित होतं. मी उठलो आणि शिफ्ट इनचार्जकडे अर्धी रजा मागितली. याआधी कधी मागितली नव्हती. ते म्हणाले, "कोणी आजारी आहे?" मी म्हणालो, "नाही." पुढे सांगण्यासारखं कारण माझ्याकडे नव्हतं. त्यांनी सोडलं.

घरी बायको एकटीच होती. माय शेजारी गेली होती. बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि तो दिवस तिला पहिल्यापासून सांगितला. ठिपका कसा आला, विमानं कशी गेली, दारात कोण आलं, चिठ्ठी वाचून मी काय केलं. सही केली तेही सांगितलं. तिने घड्या घालायचं तेवढं थांबवलं.

माझं झाल्यावर ती म्हणाली, "आता माझा दिवस ऐका."

त्या सकाळी दवाखान्यात माय चहा प्यायला खाली गेली होती. बायको एकटी नानांजवळ होती. नाना उशाकडून उंच केलेल्या पलंगावर बसल्यासारखे पडून होते. ते म्हणाले, पाठ दुखतेय, जरा खाली कर. तिने पलंगाचा दांडा फिरवला. नर्सला विचारलं नाही. पलंग खाली झाला. नानांनी "बास" म्हटलं. ती दांडा आत सरकवून उठली, तोवर नाना गेले होते.

"मी खाली केला म्हणून गेले," ती म्हणाली. "मला असंच वाटतं. तुमच्या आईंना मी हे सांगितलेलं नाही. तुम्हाला फोन लावत होते तो बातमी द्यायला नव्हे. बातमी तर तुमच्या ऑफिसात दिलीच होती. तुम्ही म्हणाला असता की तसं नसतं. तेवढ्यासाठी लावत होते."

"तसं नसतं," मी म्हणालो.

"तुम्हाला काय माहीत?"

मला माहीत नव्हतं. मी तिला तसं म्हणालो. इतक्या वर्षांत तो दिवस तिचा कसा गेला हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तिच्या हातात मुलीची ओढणी होती. ती तिने कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली होती.

त्या आठवड्यात मी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्याच दवाखान्यातले, पण नानांना पाहणारे ते नव्हेत, दुसरे. छातीचेच. नानांचे जुने कागद बायकोने जपून ठेवले होते. मला तेही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी सगळे वाचले, छातीच्या एक्स-रेचा एक फोटो उजेडाला धरून बघितला. बायकोने त्यांना पलंगाचं सांगितलं. सांगताना तिचा आवाज थरथरत होता, मी ते ऐकत होतो.

डॉक्टर म्हणाले, "बेन, त्यांचं हृदयच थकलं होतं. कागदावर दिसतंय. पलंग वर असता तरी तो दिवस निघाला नसता. पाठ दुखत होती, तुम्ही आराम दिला."

"नक्की?" तिने विचारलं.

"नक्की."

ते खरं होतं की ते चांगले गृहस्थ होते, मला सांगता येणार नाही. बायकोने कागद परत पिशवीत भरले, एकेक करून, तारखेप्रमाणे. आम्ही बाहेर आलो. ऊन होतं. तिने टपरीवर लिंबू सरबत घेतलं, अर्धं मला दिलं.

परतताना बसमध्ये ती खिडकीपाशी बसली, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि झोपून गेली. दुपारच्या वेळी ती कधी झोपत नाही. आमचा स्टॉप आला. मी तिला उठवलं नाही. दोन स्टॉप पुढे गेल्यावर तिची तिलाच जाग आली. आम्ही उतरलो आणि मिलच्या भिंतीच्या सावलीतून चालत घरी आलो.